पोपटापासून भाटीपर्यंत : प्राणी घरी आणण्याआधीच्या सोळा आठवड्यांची वही

घर नाशिकमध्ये, दुसरा मजला, ६२० चौरस फूट. माणसं चार. आम्ही दोघं नोकरीवाले, सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेसहा बाहेर. लेक दहा वर्षांची. सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. स्वयंपाकघरात अंडंसुद्धा येत नाही. एसी नाही. महिन्याला प्राण्यावर २,५०० रुपयांपर्यंत खर्च करायची तयारी. लेकीची मागणी एकच, पोपट.

चुकाही लिहून ठेवल्या आहेत. बऱ्याच आहेत.

५ जानेवारी २०२५, रविवार

पहिल्याच दिवशी २०० रुपये बुडाले. पक्ष्यांच्या दुकानात नुसतं बघायला गेलो होतो. दारात बजी आणि कॉकटेल (दोन्ही छोटे परदेशी पोपट) यांचे पिंजरे टांगलेले. लेकीने "हिरवा मिठू नाहीये का?" विचारल्यावर दुकानदाराने आतून पोतं टाकून झाकलेला पिंजरा काढला. लाल चोच, गळ्याला काळा-गुलाबी कंठ. जोडी १,२०० रुपये. बाकीचे पक्षी दारात आणि हाच तेवढा पोत्याखाली का, हे विचारायचं मला सुचलं नाही. २०० रुपये आगाऊ देऊन पुढच्या रविवारी येते म्हणून सांगून आले.

रात्री पिंजरा केवढा लागेल ते शोधायला बसले आणि पोत्याचं कारण कळलं. आपला साधा हिरवा पोपट पाळणं, विकणं, विकत घेणं, सगळंच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. कायद्याची २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, त्यात तो दुसऱ्या अनुसूचीत आहे. माझ्या माहेरी ओसरीवर पिंजरा टांगलेला असायचा, समोरच्यांकडेही होता, आणि हा गुन्हा आहे हे आमच्यापैकी कुणाच्या गावीही नव्हतं. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेलं कासवही तसंच. ते 'लक्ष्मी येते' म्हणून विकतात.

दुसऱ्या दिवशी वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करून दुकानाबद्दल सांगितलं. २०० रुपये मागायला गेले नाही.

११ जानेवारी

मग परदेशी पक्षी तरी, असा लेकीचा हट्ट. कागदपत्रांच्या बाजूने बजी आणि कॉकटेल सोपे, त्यांची नोंदणी करावी लागत नाही. सन कनूर किंवा आफ्रिकन ग्रे हे परदेशी पोपट घेतले, तर २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंद करावी लागते. विकणारा हे आपण होऊन सांगत नाही. आफ्रिकन ग्रे चाळीस-पन्नास वर्षंही जगतो म्हटल्यावर नवरा म्हणाला, मृत्युपत्रात घालावा लागेल.

बजी बाद झाला तो पंख्यामुळे. पक्ष्याला रोज पिंजऱ्याबाहेर थोडं उडू द्यायला हवं. आमच्या हॉलमधला पंखा मार्च ते जून दिवसभर फिरतो आणि सासूबाई त्याच्या खालीच बसतात. रोज तासभर पंखा बंद, दारं-खिडक्या बंद, हे एप्रिलात कुणी पाळणार नाही. दुसरं कारण नॉनस्टिक तवा. तो रिकामा जास्त तापला की त्याच्या धुराने पक्षी दगावतात. आमचं स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यात भिंत नाही, फक्त ओटा आहे.

१२ जानेवारी

वही आखली. पहिल्या दिवशी रकाने होते किंमत, खाणं, पिंजरा. आज तीन वाढवले : किती वर्षं जगतो, आपण गावी गेल्यावर कुणाकडे, आणि डॉक्टर कोण. तिसऱ्या रकान्याचं श्रेय सासूबाईंचं. त्यांच्या माहेरी गाई होत्या. त्या म्हणाल्या, "आधी ढोरांचा डॉक्टर शोध, मग ढोर."

पाच दवाखान्यांत फोन केले. कुत्रा-मांजर पाचही जण बघतात. ससा आणि गिनीपिग एकच जण बघतो, तोही आठवड्यातून दोन संध्याकाळी. एकाने प्रामाणिकपणे सांगितलं, "आणा, पण आम्ही अंदाजानेच औषध देऊ." हे पाच फोन २० मिनिटांत झाले. आधी केले असते, तर पुढची २५ जानेवारीची नोंद लिहावी लागली नसती. फोन करूनही ती लिहावी लागली, हे आणखी वाईट.

१९ ते २९ जानेवारी, मासे

"तोवर मासे तरी आणूया, त्यांना काय लागतं?" हे वाक्य माझंच.

रविवारी दोन फूट बाय एक फूट बाय एक फुटाची टाकी आणली, १,४०० रुपये. फिल्टर ५५०, खडी ३००. टीव्हीच्या टेबलावर ठेवून नळाचं पाणी भरलं. एक घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर, म्हणजे टाकीत ५६ लिटर. काच आणि खडी धरून वजन सत्तर किलोच्या वर गेलं आणि प्लायवूडचं टेबल मधे वाकलं. पाणी उपसलं, टाकी जमिनीवर उतरवली, परत भरली. सोमवारी सहा गोल्डफिश सोडले, प्रत्येकी ४० रुपये. बुधवारपर्यंत मजा. गुरुवारी पाणी दुधाळ, मासे पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडझाप करायला लागले. दुकानदार म्हणाला, पूर्ण पाणी बदला. बदललं. २९ तारखेच्या सकाळी शेवटचा गेला.

काय चुकलं ते समजून घेतलं. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये आणि खडीत वाढावे लागतात, त्याला चार ते सहा आठवडे जातात. नव्या टाकीत ते नसतातच. शिवाय सगळं पाणी बदलताना मी फिल्टरचा स्पंजही नळाखाली धुतला. जे काही थोडे जिवाणू आले असतील तेही क्लोरीनने मारले. गोल्डफिश घाण भरपूर करतो, तेव्हा ५६ लिटरमध्ये सहा ही संख्याही चूकच.

लेकीने सहाही मासे कुंडीत पुरले. मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

२५ जानेवारी

(मासे मरत असतानाच हा उद्योग चालू होता.) सवलत संपायला दोन तास उरले होते म्हणून गिनीपिगचा पिंजरा ऑनलाइन मागवला, २,८५० रुपये. प्राणी ठरलेला नाही, डॉक्टर एकच, आणि पिंजरा घरात.

गिनीपिगबद्दल वाचायला लागले ते पिंजरा आल्यावर. त्याच्या अंगात क जीवनसत्त्व तयार होत नाही, आपल्यासारखंच. ते रोज ढोबळी मिरची, कोथिंबीर असं खाण्यातून द्यावं लागतं. एवढं जमलं असतं. पण मुख्य खाणं वाळलेलं गवत आणि तेही हवं तेवढं, कारण दात आयुष्यभर वाढतात आणि पचन सतत चालू राहावं लागतं. लसूणघास स्वस्त मिळतो, पण त्यात कॅल्शियम जास्त, वाढ पूर्ण झालेल्या गिनीपिगला रोजचा चालत नाही. चांगलं गवत पार्सलने मागवायचं, तर गवताइतकाच पार्सलचा खर्च. एकट्याने राहत नाही म्हणजे दोन आणायचे, आणि दुकानात नर-मादी नीट न ओळखता जोडी दिली, तर दोन-अडीच महिन्यांत पिल्लं. शेवटचा घाव उन्हाने घातला. त्याला तिशीच्या वर गेलेला पारा सोसत नाही आणि आमच्याकडे एप्रिल-मेत तो चाळिशीला टेकतो.

पिंजरा १,५०० ला विकला. घेणाऱ्याला म्हटलं, दोन प्राण्यांना हा लहान पडेल. तो म्हणाला, कांदे ठेवायला हवाय.

२ फेब्रुवारी

टाकी परत लावली, या वेळी लोखंडी स्टँडवर (स्टँड भाच्याकडून फुकट). मासे नाहीत. रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकायचं, ते कुजून अमोनिया होतो आणि जिवाणूंना तेवढं पुरतं. तपासणीचं किट ६५० रुपये. दर दोन दिवसांनी लेक नळीतला रंग कागदाशी ताडून वहीत लिहिते. पाहुणे विचारतात, मासे कुठायत? ती सांगते, "अजून पाणी शिजतंय."

१० फेब्रुवारी ते २ मार्च, बिनकुत्र्याचा पट्टा

कुत्र्याचा विषय नवऱ्याने काढला. जात वगैरे बघत बसायचं नाही, गावठी पिल्लू दत्तक घ्यायचं, एवढं लगेच ठरलं. आपल्या उन्हाला ते सरावलेलं असतं. बर्फाळ भागातला हस्की नाशिकच्या मे महिन्यात बघितलेला आहे, पुन्हा बघायची इच्छा नाही. प्रश्न वेळेचा होता. मी म्हटलं, २१ दिवस कुत्रा आहे असं समजून वागू. सकाळी पावणेसहा, रात्री साडेनऊ, दोन्ही वेळा २५ मिनिटं खाली. ३५० रुपयांचा पट्टा आणला आणि तो हातात घेऊनच जायचं, नाहीतर नुसतं फिरणं होतं.

वॉचमनकाका तिसऱ्या दिवशी म्हणाले, "ताई, पट्टा आहे, कुत्रा कुठाय?" आठव्या दिवसापासून ते रिकाम्या जागेकडे बघून "बस, बस" म्हणायला लागले.

हजेरी : ४२ फेऱ्यांपैकी २७. रात्रीच्या २१ पैकी १८, सकाळच्या २१ पैकी ९. सकाळी दांडी मारणारा प्रत्येक वेळी तोच, ज्याने कुत्र्याचा विषय काढला होता.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी मधेच सांगितलं की कुत्रा आणला तर लिफ्ट वापरायची नाही. त्यावर प्राणी कल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रक आहे. पाळीव कुत्र्यावर सोसायटीला बंदी घालता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही. छापून दिलं. पुढे काही बोलले नाहीत.

७ ते ९ मार्च

ऑफिसातल्या मैत्रिणीची लॅब्रॅडॉर तीन दिवस सांभाळायला घेतली. तीन वर्षांची, शिकवलेली, गुणी. शुक्रवारी दुपारी सासूबाई तिच्याबरोबर एकट्या होत्या. बेल वाजली, ती दाराकडे धावली, सासूबाई वॉकरसकट भिंतीला टेकल्या. पडल्या नाहीत. संध्याकाळी त्यांनी स्वतः सांगितलंही नाही, शेजारच्या काकूंनी सांगितलं.

कुत्रा बाद. मी रकान्यावर रेघ मारली तेव्हा लेक रडली. नवऱ्याने सकाळच्या नऊ हजेऱ्यांकडे बघितलं आणि गप्प राहिला. पट्टा मैत्रिणीला दिला.

१२ मार्च

टाकीत अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. ३८ दिवस लागले. शनिवारी चार गप्पी आणले, चारही नर. जोडी आणली तर टाकी पुरायची नाही. सगळे जिवंत आहेत.

१६ मार्च

मांजर. खरं तर पहिल्या दिवसापासून बसणारा हाच प्राणी होता. फिरवायला नको, दिवसाचा बराच वेळ झोप, पाचही डॉक्टर बघतात. पण कुणी नाव घेत नव्हतं, कारण ते खाणार काय, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सासूबाईंचं म्हणणं, "आमच्याकडे माळ्यावर सात-सात मांजरं असायची. दूध-भाकरीवर. मांजराला विकत खायला कुणी आणलंय?" मी विचारलं, माळ्यावर उंदीर किती असायचे? त्या थोडा वेळ थांबल्या आणि हसल्या. दूध-भाकरी वरखर्चाची, पोट भरायचं ते उंदरांवर. मांजराला टॉरिन नावाचा घटक मांसातूनच मिळतो, नाही मिळाला तर डोळे आणि हृदय खराब होतं. आमच्या फ्लॅटमध्ये उंदीर नाहीत. आणि दूध बऱ्याच मोठ्या मांजरांना पचतही नाही.

दोन रविवार वाटाघाटी चालल्या. ठरलं ते असं : घरात मासळी-मटण शिजणार नाही. तयार कोरडं खाणं आणि पाकिटातलं ओलं खाणं, दोन्ही ड्राय बाल्कनीत. वाटी वेगळी, घासणी वेगळी, धुवायचं तिथल्याच नळावर. पाकीट उघडायचं काम सासूबाईंना कधीही सांगायचं नाही. शाकाहारी मांजर करू, हा नवऱ्याचा प्रस्ताव सासूबाईंनीच फेटाळला. "त्यापेक्षा ससा आण की."

२३ मार्च

महिन्याचा हिशेब : कोरडं खाणं दीड किलो ७५०, ओली पाकिटं १२ म्हणजे ५४०, मांजराच्या शी-शूसाठीची रेती ६००, औषधपाण्यासाठी बाजूला ६००. एकूण २,४९०. माझ्या पहिल्या हिशेबात रेतीच नव्हती, म्हणून मी १,८९० धरून खूश होते. गोणी घरी आणून बघितली तेव्हा कळलं की दहा किलो उचलून वर आणायची म्हणजे मीच.

रेतीचा ट्रे आधी बाथरूममध्ये ठेवून बघितला, मांजर नसतानाच. आम्ही बादलीने आंघोळ करणारी माणसं. दुसऱ्या दिवशी ट्रेत चिखल. ट्रे ड्राय बाल्कनीत गेला, मग खाण्याची वाटी तिथे कशी? संडासाशेजारी मांजर जेवत नाही. वाटी बेडरूमच्या कोपऱ्यात आली. करार बदलला, सासूबाईंनी तीन दिवस घेतले.

३० मार्च ते ६ एप्रिल, जाळी

'मांजर चार पायांवर पडतं' यावर कुणी विसंबू नये. पडतं, पण दुसऱ्या मजल्यावरून जबडा आणि पाय मोडून घेतं. दोन खिडक्या आणि बाल्कनी मिळून कबुतरांसाठीची नायलॉनची जाळी लावून घेतली, ३,१०० रुपये. चार दिवसांनी वरच्या मजल्यावरच्या मांजरवाल्या काकू आल्या, त्यांनी आपल्या घरची तशीच जाळी दाखवली. खालच्या कोपऱ्यात मूठभर भोक, दातांनी कातरलेलं. नायलॉन काढलं, स्टीलच्या तारेची जाळी बसवली, ७,८०० रुपये. जाळीवाल्याने जुनी जाळी काढायचे पैसे घेतले नाहीत, कारण ती तोच घेऊन गेला.

त्याच आठवड्यात घरातली विषं शोधली. लिलीची कुंडी शेजारी दिली. तिचा परागसुद्धा मांजराची किडनी निकामी करतो. मनी प्लांट उंच टांगला, त्याने तोंडाची आग होते. मैत्रिणीने प्रेमाने दिलेली, तिच्या लॅब्रॅडॉरची गोचिडाच्या औषधाची नळी परत केली. त्यात परमेथ्रिन होतं, कुत्र्याला चालतं, मांजराला जिवावर बेततं. सगळ्यात मोठं विष मात्र जेवणाच्या टेबलावर कायम उघडं पडलेलं होतं : सासूबाईंच्या गुडघ्यांसाठीची पॅरासिटामॉलची पट्टी. एका गोळीने मांजर मरू शकतं. आता झाकणाचा डबा आहे.

१३ एप्रिल

पिल्लू नको, हे माझं मत. पिल्लाला नऊ तास एकटं ठेवलं तर ते पडदे फाडतं आणि ते बरोबरच करतं. भटकी मांजरं सांभाळून घर शोधून देणाऱ्या एका बाईंकडे दोनदा जाऊन दोन-दोन तास बसलो, कुणाला शिंका येतात का ते बघायला. कुणालाच नाही. तिथे दोन वर्षांची एक भाटी (म्हणजे मांजरी) होती, करडी, नसबंदीचं ऑपरेशन झालेली, त्याची खूण म्हणून डाव्या कानाचं टोक कापलेलं. लेकीकडे तिने ढुंकून बघितलं नाही. सासूबाईंच्या वॉकरला मात्र गाल घासून गेली.

बाईंनी आम्हालाच तासभर प्रश्न विचारले आणि घर बघायला येणार म्हणाल्या. मी वही दाखवली. मेलेल्या माशांच्या पानावर त्या बराच वेळ थांबल्या.

२६ एप्रिल, शनिवार

आणली. पैसे घेतले नाहीत त्यांनी. तिथवरची तयारी : तारेची जाळी ७,८००, कॅरियर १,४५०, ट्रे आणि फावडं ५२०, वाट्या २६०, नखं घासायला जुन्या स्टुलाला गुंडाळलेला काथ्या १८०. एकूण १०,२१०. वाया गेलेले वेगळे : पोपट २००, गोल्डफिश २४०, पिंजरा १,३५०, पट्टा ३५०, नायलॉन ३,१००. म्हणजे ५,२४०.

कॅरियर उघडताच दिवाणाखाली गेली.

२८ एप्रिल

बाहेर नाही, खाणं नाही. दोन दिवस झाले. मांजर उपाशी राहिलं की यकृत बिघडतं हे वाचलं होतं, म्हणून डॉक्टरांना फोन. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "आधी काय खात होती?" मी चांगलं म्हणून दुसऱ्या कंपनीचं आणलं होतं. रेतीही दुसरी. घर नवं, माणसं नवी, आणि मी ताटही नवं वाढलं. संध्याकाळी बाईंकडून जुन्या खाण्याची पिशवी आणि तिच्या जुन्या ट्रेमधली दोन मुठी रेती आणली. रात्री दोन वाजता दिवाणाखालून कुरुमकुरुम आवाज आला. आम्ही तिघं जागेच होतो, कुणी हललं नाही.

नवं खाणं आता जुन्यात थोडं थोडं मिसळायचं आहे, आठ-दहा दिवसांत.

११ मे

वजन ३.४ किलो. दिवसा सासूबाईंच्या पायाशी झोपते. त्या तिला हात लावत नाहीत, उठवतही नाहीत, औषधाची वेळ झाली तरी. याबद्दल त्यांच्याशी बोलायला हवं. मोठ्या आवाजाला दचकते. मुलांचा फुगा फुटला की दिवाण. दिवाळीचं काय करायचं ते अजून वहीत नाही.

आज सकाळी साडेपाचला धप्प आवाज झाला. टाकीच्या काठावर पुढचे दोन पाय, पंजा पाण्यात. गप्पी चारही आहेत, मोजले. प्राण्यांच्या सोळा आठवड्यांच्या अभ्यासात टाकी आणि मांजर एका पानावर आलीच नव्हती. काचेचं झाकण सांगितलंय, ३५० रुपये, बुधवारी मिळेल. तोवर वर पोळपाट ठेवलाय.